डोळ्यांवरून मन ओळखता येते काय?





या सत्रात शाळेच्या कार्यालयात एक प्रस्ताव आला आहे. एका कंपनीचे म्हणणे असे की, संगणक कक्षातील प्रत्येक पडद्यावर एक लहान कॅमेरा बसवावा. मूल पडद्यावर कुठे पाहते, किती वेळ पाहते, नजर किती वेळा दुसरीकडे जाते, याची नोंद तो ठेवील आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या ‘एकाग्रता, ताण व मनःस्थिती’चा अहवाल शाळेला आणि पालकांना मिळेल. काही पालकांनी या कल्पनेचे स्वागत केले आहे, काहींनी काळजी व्यक्त केली आहे. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय निघणार आहे. त्याआधी आमचे मत आणि त्यामागची कारणे सर्वांसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

मत प्रथमच सांगून टाकतो. नजरेचा मागोवा घेणारे हे शास्त्र खरे आहे, जुने आहे आणि वैद्यकात उपयोगी पडत आहे. परंतु त्याची जागा डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत आहे. वर्गातील सर्व मुलांवर ते कायमचे लावून ठेवावे आणि त्यावरून त्यांच्या मनाविषयी निष्कर्ष काढावेत, हे आम्हांस मान्य नाही.

यंत्र नेमके काय मोजते?

नववी-दहावीचे विद्यार्थी प्रकाशाचे परावर्तन शिकले आहेत, त्यांना हे सहज समजेल. डोळ्यावर अवरक्त प्रकाशाचा मंद झोत सोडतात. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, म्हणून डोळे दिपत नाहीत. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर त्याचा एक चमकता ठिपका उमटतो. कॅमेरा त्या ठिपक्याची आणि बाहुलीच्या मध्यबिंदूची जागा टिपतो. डोळा फिरला की या दोहोंमधले अंतर बदलते. सुरुवातीला पडद्यावरच्या काही ठरावीक बिंदूंकडे पाहायला सांगून संगणक या अंतराचा आणि नजरेच्या जागेचा मेळ बसवून घेतो. त्यानंतर सेकंदाला साठ वेळा, आणि संशोधनाच्या चांगल्या यंत्रात हजार वेळा, नजर कुठे आहे ते तो लिहून ठेवतो.

या नोंदीतून मुख्यतः चार गोष्टी मिळतात: नजर कुठे थांबली, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर तिने कशी झेप घेतली, बाहुली किती लहान-मोठी झाली आणि पापण्या किती वेळा मिटल्या. या यादीत दुःख, भीती किंवा आळस यांपैकी काहीही नाही. ते शब्द नंतर माणसे जोडतात, किंवा माणसांनी शिकवलेला संगणक जोडतो. आम्हांस दाखविलेल्या कॅमेऱ्यात तर अवरक्त दिवाही नव्हता. तो साधा वेबकॅम होता, आणि त्याचे मोजमाप पुष्कळच ढोबळ असते.

शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास

वाचताना डोळे ओळीवरून सरळ घसरत जातात, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते उड्या मारत जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आले. प्रत्येक उडीनंतर डोळा सुमारे पाव सेकंद थांबतो आणि त्या थांब्यातच आपण अक्षरे पाहतो. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी डोळा बधिर करून त्यावर भोक असलेली लहानशी वाटी बसवली आणि तिला हलकी काडी जोडून डोळ्याच्या हालचाली कागदावर उतरवल्या. वाचणाऱ्याला हे किती त्रासाचे झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी. १९०१ साली रेमंड डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्याने डोळ्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची पद्धत काढली. तेव्हापासून डोळ्याला हात न लावता मोजमाप करता येऊ लागले.

याच डॉज यांनी १९०८ साली एका मानसोपचारतज्ज्ञाबरोबर मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. आज ज्याला आपण छिन्नमनस्कता म्हणतो, त्या आजारातील रुग्णांची नजर हलणाऱ्या वस्तूचा सलग पाठलाग करू शकत नाही, ती अडखळत जाते, असे त्यांना दिसले. हे निरीक्षण कित्येक वर्षे विस्मरणात गेले. १९७३ साली शिकागोत फिलिप होल्झमन यांनी रुग्णांना झुलणाऱ्या लंबकाकडे पाहायला सांगून ते पुन्हा सिद्ध केले. पण लगेच दुसरी गोष्टही समोर आली. रुग्णांच्या ज्या जवळच्या नातलगांना हा आजार नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांची नजरही तशीच अडखळत होती. म्हणजे नजरेतील खूण खरी, परंतु खूण आहे म्हणून माणूस आजारी, असे म्हणता येत नाही. या विषयातील सगळ्या घाईला उत्तर म्हणून एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

बाहुलीचेही असेच आहे. १९६६ साली डॅनिएल काहनेमन (ज्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि जॅक्सन बीटी यांनी लोकांना अंक ऐकवून ते लक्षात ठेवायला सांगितले. जसजसे अंक वाढत गेले तसतशी बाहुली मोठी होत गेली. मेंदूवरचा भार डोळ्यात दिसला. पण हा बदल फार तर अर्धा मिलिमीटर भरतो. उजेड-अंधाराने मात्र बाहुली दोन ते आठ मिलिमीटरपर्यंत बदलते. खिडकीबाहेर ढग आला तरी गणिताच्या प्रश्नापेक्षा मोठा फरक पडू शकतो. प्रयोगशाळेत उजेड काटेकोर ठेवता येतो. आमच्या वर्गात मार्चचे ऊन आणि वीज गेल्यावरचा अंधार दोन्ही असतात.

आम्ही पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून घेतले. तेथे डोळ्याच्या या भागाला ‘पुतली’ म्हणतात. घरी आपण मराठीत ‘बाहुली’ म्हणतो. इंग्रजीतील ‘प्युपिल’ हा शब्दही लॅटिनमधील ‘लहान बाहुली’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि विद्यार्थ्यासाठी वापरला जाणारा ‘प्युपिल’ त्याच घराण्यातला आहे. तीन भाषांना एकच कल्पना सुचली, कारण दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून डोकावले की तेथे एक इवलीशी आकृती दिसते. ती आकृती पाहणाऱ्याची स्वतःचीच असते. मुलाच्या डोळ्यात त्याचे मन शोधताना आपण आपल्याच समजुती तर पाहत नाही ना, हे यंत्र लावणाऱ्याने आणि शिक्षकानेही आधी तपासावे.

दवाखान्यात त्याचा उपयोग आहे

या शास्त्राला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. लहान मुलांतील स्वमग्नता लवकर ओळखण्याचे मोठे काम त्यामुळे सुरू झाले आहे. एमी क्लिन आणि वॉरन जोन्स या अमेरिकी संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, ज्या बाळांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले, त्यांचे समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांकडे पाहणे दोन ते सहा महिन्यांच्या वयातच कमी होऊ लागले होते. त्याच संशोधनातून तयार झालेल्या एका उपकरणाला २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या निदानाला साहाय्य म्हणून परवानगी दिली. मदत जितक्या लवकर मिळेल तितका मुलाचा फायदा अधिक. अशा कुटुंबांसाठी हे वरदानच आहे. ज्यांचे हातपाय आणि वाणी चालत नाही असे रुग्ण नजरेने अक्षरे निवडून बोलू शकतात, तेही याच तंत्रामुळे.

पण या उत्तम उपकरणाचे आकडे पाहा. २०२३ साली ४७५ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनी ज्यांना स्वमग्नता आहे असे सांगितले, त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के मुले यंत्राने ओळखली. ज्यांना ती नाही, त्यांच्यापैकी सुमारे ८१ टक्के मुलांना यंत्राने ‘नाही’ म्हटले. विशेष केंद्रात, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली, एकाच प्रश्नासाठी तयार केलेल्या यंत्राचा हा निकाल आहे. शिवाय त्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना खरोखर स्वमग्नता होती.

आता दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. समजा हजार मुलांच्या शाळेत पन्नास मुलांना मानसिक मदतीची खरी गरज आहे आणि आपल्याकडे तेवढ्याच अचूकतेचे यंत्र आहे. पन्नासांपैकी सुमारे ३६ मुले ते ओळखील, १४ सुटतील. उरलेल्या ९५० मुलांपैकी सुमारे १८३ मुलांवर ते चुकीचे बोट ठेवील. म्हणजे यादीत २१९ नावे येतील आणि त्यांतील सहापैकी पाच मुलांना काहीही झालेले नसेल. या १८३ घरांत त्या रात्री काय होईल? आणि सुटलेल्या १४ मुलांच्या घरी ‘अहवाल चांगला आला’ म्हणून निश्चिंत राहतील, त्यांचे काय? साधा वेबकॅम आणि ‘मनःस्थिती’सारखा मोघम प्रश्न असेल, तर आकडे याहून बरे येतील असे मानायला आमच्यासमोर कोणताही आधार ठेवण्यात आलेला नाही.

खिडकीकडे पाहणारे मूल

रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार रेपिन यांचे एक प्रसिद्ध चित्र लोकांना दाखविले. दूर गेलेला माणूस अचानक घरी परततो आणि घरातील सर्व जण चकित होऊन पाहतात, असा तो प्रसंग. ‘यांची वये काय असतील?’ असे विचारले की नजर चेहऱ्यांवर फिरे. ‘कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी आहे?’ असे विचारले की तीच नजर सामानसुमानावर जाई. १९६५ सालच्या त्यांच्या पुस्तकातील या प्रयोगाने नजर आणि मनातील प्रश्न यांचे नाते दाखवून दिले. मग उलट जाता येईल का? नजर पाहून मनातील प्रश्न सांगता येईल का? २०१२ साली अमेरिकी संशोधकांनी हे करून पाहिले, तेव्हा माणसांनाही जमले नाही आणि संगणकालाही नाही. २०१४ साली दुसऱ्या संशोधकांना अंदाजापेक्षा थोडे अधिक यश मिळाले. शास्त्रज्ञांमध्ये ही चर्चा चालू असताना कंपन्या मात्र खात्रीने अहवाल विकत आहेत.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात मुलांवर झालेले काम प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावे असे आहे. प्रश्न अवघड झाला की मुले समोरच्या माणसावरून नजर काढून दुसरीकडे पाहतात, आणि त्याने त्यांना विचार करायला मदत होते, असे तेथे आढळले. म्हणजे छताकडे पाहणारा मुलगा कदाचित सर्वांत जास्त विचार करीत असेल. यंत्राच्या कागदावर तो ‘लक्ष नाही’ म्हणून नोंदला जाईल.

आपल्या घरांतील चालीरीतीही विसरून चालणार नाही. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या आपल्या कुटुंबांत थोरांनी काही विचारले की मुले नजर खाली करतात. तो आदर असतो. तीच खाली गेलेली नजर दुसऱ्या देशात तयार झालेल्या संगणकाला संकोच, भीती किंवा लपवाछपवी वाटू शकेल.

दोन उदाहरणे आमच्या पाहण्यातली आहेत. एक विद्यार्थी फळ्याकडे पाहतच नसे. वर्गशिक्षिकेने त्याला पहिल्या बाकावर बसवले आणि डोळे तपासून घ्यायला घरी कळवले. त्याला चष्म्याची गरज होती, बाकी काही नव्हते. एक विद्यार्थिनी मात्र पूर्ण तासभर फळ्यावर नजर लावून बसे. कोणत्याही यंत्राने तिला शंभर गुण दिले असते. ती काही दिवसांपासून डबा तसाच परत नेते, हे शाळेतील मावशींच्या लक्षात आले. त्यांनी विचारल्यावर घरची मोठी अडचण समजली. मावशींजवळ कॅमेरा नव्हता. त्या रोज तिला पाहत होत्या, आणि पाहिल्यावर त्यांनी विचारले.

कायदा काय म्हणतो?

शरीराच्या खुणांवरून मन वाचण्याचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही आला होता. ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ५ मे २०१० रोजी न्यायालयाने सांगितले की, नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत. गुन्ह्याचा संशय असलेल्या माणसाच्या मनाला जर एवढे संरक्षण आहे, तर सातवीतल्या मुलाच्या मनाला त्याहून कमी असावे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक मानली आहे. त्याच्या नियमांत शाळांना काही सवलती आहेत खऱ्या, पण सवलत आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असे नाही.

चीनमधील हांगझोऊ शहरातील एका शाळेने २०१८ साली वर्गात कॅमेरे लावून मुलांच्या चेहऱ्यावरील भाव ठरावीक अंतराने टिपायला सुरुवात केली, तेव्हा त्या देशातही त्यावर टीका झाली. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने शाळांत आणि कामाच्या ठिकाणी यंत्राद्वारे भावना ओळखण्यावर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे.

पालकांचा प्रश्न

एका पालकांनी आम्हांस विचारले, ‘मुलगा काही बोलतच नाही हो सर. निदान यंत्र तरी सांगेल.’ ही वेदना आम्ही हलकी मानत नाही. दोघेही नोकरी करणारे आईवडील, आजी-आजोबा वेगळ्या शहरात, मुलाच्या हाती मोबाईल, अशा घरात मुलाचे मन कळणे खरेच कठीण झाले आहे. पण जे मूल बोलत नाही, त्याला आपल्या डोळ्यांचीही नोंद होते आहे हे कळले तर ते डोळेही सांभाळू लागेल. मुले हुशार असतात. पडद्याकडे टक लावून बसण्याची कला ती आठवड्याभरात शिकतील, आणि आज जी उघडी खूण आपल्याला दिसते तीही झाकली जाईल.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी आहे:

१. हा प्रस्ताव नाकारावा. त्यासाठी लागणारा पैसा शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नेमण्यासाठी वापरावा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेच आहेत.

२. दरवर्षी जुलैत सर्व मुलांची साधी नेत्रतपासणी व्हावी. नजरेविषयीचा शाळेचा पहिला प्रश्न ‘मुलाला नीट दिसते का?’ हा असावा.

३. प्रत्येक वर्गशिक्षकाला आठवड्यातून एक तास अध्यापनातून मोकळा मिळावा. त्या तासात त्याने मुलांशी बोलावे. त्याची लेखी नोंद गुणपत्रकात किंवा कोणत्याही फाइलमध्ये जाणार नाही.

४. एखाद्या मुलासाठी डॉक्टरांनीच अशी तपासणी सुचवली, तर पालकांनी घाबरू नये, आणि वेड्यांची तपासणी म्हणून तिला टाळूही नये. मुलाला समजावून, त्याची आणि आपली संमती घेऊन ती जरूर करावी. शाळा सर्वतोपरी साहाय्य करील आणि गुप्तता पाळील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. मन जड झाले तर कोणी डोळ्यांवरून ओळखील याची वाट पाहू नका. तुमच्या वर्गशिक्षकांना सांगा, मावशींना सांगा, थेट आमच्या खोलीत या. दार वाजवण्याचीही गरज नाही. शाळेत कोणाला सांगावेसे वाटत नसेल, तर शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. वर्गात खिडकीबाहेर पाहताना आम्ही कोणाला पकडले, तर यापुढे आधी ‘काय विचार करतो आहेस?’ असे विचारू आणि उत्तर ऐकून मगच रागावायचे की नाही ते ठरवू.

ज्या पालकांचे मत आमच्याहून वेगळे आहे, त्यांनी ते बैठकीपूर्वी कार्यालयात लेखी द्यावे. त्यांची पत्रे आमच्या या लेखासोबतच विश्वस्त मंडळापुढे ठेवली जातील.

आपले,
प्राचार्य